नळीतला उजेड

आमच्या चाफेवाडीत पूर्वी पोलीस यायचा तो हाक मारत यायचा. ओढ्यावरच्या मोरीच्या अलीकडे मोटरसायकल लावायची, वळणावर उभं राहायचं आणि तिथूनच खणखणीत आवाजात ओरडायचं, "सुभेदार, पोलीस आलाय!"

घरात आईची धांदल उडायची, मी अभ्यासाची वही टाकून ओट्यावर यायची आणि आबा, म्हणजे माझे वडील, सुभेदार भैरू दळवी, खुंटीवरची दुनळी बंदूक काढून अंगणात उभे राहायचे. अंगठ्याने वरची कळ बाजूला सारली की नळ्या खाली झुकतात आणि बंदूक मधोमध उघडते. आमच्याकडे याला बंदूक मोडणं म्हणतात. मोडलेली बंदूक डाव्या हातावर आडवी टाकून आबा वळणाकडे तोंड करून थांबायचे. मग दस्तगीर मकानदार, आमच्या बीटचे जमादार, सावकाश चालत यायचे, एक डोळा मिटून दोन्ही नळ्यांतून आभाळाकडे बघायचे आणि सांगायचे, "दिसला उजेड."

"मग चहा घेऊन जावा," आबा म्हणायचे.

याला आमच्या भागात उजेड दाखवणं म्हणत. नळीत काडतूस असेल तर पलीकडचं दिसत नाही, उजेड दिसला म्हणजे बंदूक रिकामी. कुठल्याही कायद्यात हे लिहिलेलं नव्हतं. पण घाटाच्या कडेला डुक्कर आणि गव्यांपासून ऊस राखण्यासाठी घरोघर परवान्याच्या बंदुका होत्या, आणि बंदूकवाल्याच्या दारात जाणाऱ्या पोलिसाला घरी बायकामुलं होती. दोघांनी मिळून कधीतरी ही रीत पाडली असणार. दर वर्षी परवान्याच्या तपासणीला, निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा करायच्या वेळी, नाहीतर सहज इकडून जाताना चहाची तल्लफ आली म्हणूनही जमादार वळणावरून हाक मारायचे. शेवटचं कारणच जास्त वेळा असायचं.

आबांनी आयुष्यभर शस्त्र वापरलं, पण निवृत्त होऊन गावात आल्यापासून त्यांचा प्रत्येक बार आभाळाकडेच गेला. गवा उसात शिरला की हवेत बार काढायचा, जनावर पळायचं, झालं. लष्करातून रजेवर यायचे तेव्हा तर ते आमचीच पलटण करायचे. मी, माझी चुलत भावंडं, शेजारची दोन पोरं. प्रत्येकाच्या खांद्याला एकेक ऊस. "टोली, सावधान! बाजू शस्त्र! भूमि... शस्त्र!" भूमि-शस्त्र म्हटलं की वाकून ऊस उजव्या पायाशी जमिनीवर ठेवायचा आणि पुन्हा ताठ उभं राहायचं. पुढचा हुकूम होता 'उठाओ शस्त्र', आणि तो मिळाल्यावरच ऊस खायला मिळायचा. आबा मुद्दाम वेळ लावायचे. आम्ही तोंडाला पाणी सुटलेले उभे. "बार काढणं माकडालाबी शिकवता येतं," ते म्हणायचे, "हत्यार खाली ठेवणं शिकायला पलटण लागती."

मी पुढे हायस्कुलात खेळाची शिक्षिका झाले आणि एनसीसीची तुकडी चालवायला लागले, ती याच उसाच्या पलटणीमुळे. आवाज मात्र आईचा नाही, आबांचाच आला. मुलं मला मागून 'तोफ' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ऐकून बरंच वाटतं.

हे सगळं बदललं ते 'चाहूल' आल्यावर.

चाहूल हे यंत्र साबणाच्या वडीएवढं. पोलिसाच्या छातीवर लावलेलं असतं. त्यातून अगदी कमी लांबीच्या रेडिओलहरी निघतात. गाडी मागे घेताना ठोकर बसू नये म्हणून ज्या प्रकारच्या लहरी वापरतात, त्यांचीच ही पुढची पायरी. कापडातून त्या आरपार जातात, कातडीवर आपटून परत येतात, आणि परत येताना कातडीचं अतिशय सूक्ष्म थरथरणं घेऊन येतात. आता गंमत अशी, की आपला हात हलण्याआधी त्याचे स्नायू ताठतात आणि स्नायू ताठण्याआधी मेंदूतून निरोप निघालेला असतो. मधला वेळ पापणी लवण्याइतकाही नसतो, पण यंत्राला तो पुरतो. हजारो माणसांच्या हालचाली त्याला दाखवून शिकवलेलं असतं, की बंदूक रोखायच्या आधी खांदा असा ताठतो, काडतूस भरायच्या आधी अंगठा असा दबतो. समोरच्याचा हात पुढे काय करणार हे त्या हाताच्या मालकाच्या आधी चाहूलला कळतं, असं म्हटलं तरी चालेल.

तिच्यावर तीन दिवे. शांत माणसाला हिरवा. शंका आली की पिवळा. आणि लाल झाला की पोलिसाने काहीच करायचं नाही. यंत्र आपणहून दोन बारीक तारा फेकतं आणि समोरच्याला विजेचा झटका बसतो. माणूस खाली पडतो, थरथरतो, थोड्या वेळाने उठून बसतो. जीव जात नाही.

उगाच यंत्राच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही. चाहूल येण्याआधी घाबरलेल्या पोलिसांनी निरपराध माणसं मारली होती आणि घाबरलेल्या माणसांनी पोलीस मारले होते. चाहूल आली आणि दोन्ही जवळजवळ थांबलं. मात्र ती चालायची तर समोरच्यानेही ठरल्याप्रमाणे वागायला हवं. म्हणून परवानाधारकांसाठी नवा नियम झाला. पोलीस आला की बोलायचं नाही, बंदुकीशी कसलीही खुडबूड करायची नाही, ती सावकाश जमिनीवर ठेवायची, मागे सरायचं आणि हात उघडे ठेवून थांबायचं. त्याची चाचणी तालुक्याच्या गावी बाजार समितीच्या हॉलमध्ये होती. मी आबांना घेऊन गेले.

तोवर आबांना विसरण्याचा आजार जडून बराच काळ झाला होता. सकाळी जेवलेलं दुपारी आठवत नसे. आई जाऊन किती वर्षं झाली तेही नाही. काडतुसं मी कधीच कपाटात कुलूपबंद केली होती, बंदूक नुसती त्यांच्या हाताला सोबत म्हणून होती. शिवाय त्यांच्या छातीत पेसमेकर होता. मी डॉक्टरांना चाहूलबद्दल विचारलं तेव्हा ते चष्मा पुसत म्हणाले, "इतरांचं काही नाही हो. पण यांच्या हृदयाला असला झटका सोसेल याची हमी मी देणार नाही."

हॉलमध्ये पीएसआय मगदूम नावाच्या तरुण अधिकारी होत्या. वागायला अतिशय चांगल्या. "आजोबा, मी त्या दारातून येणार. मी आले की तुम्ही बंदूक खाली ठेवायची. एवढंच." आबांनी मान हलवली. तिथल्या चाहूलला तारा नव्हत्या, लाल झाली की ती फक्त शिट्टी वाजवायची. मगदूम बाई दारातून आत आल्या. खाकी वर्दी दिसताच आबांचा चेहरा फुलला. अंगठा कळेवर गेला आणि शिट्टी वाजली.

पुन्हा केलं. पुन्हा शिट्टी. आबा बिचारे बंदूक मोडून, हातावर आडवी टाकून उभे, आणि त्यांना कळेना की ही बाई उजेड बघायला पुढे का येत नाही.

"मॅडम, ते भरत नाहीत, रिकामी आहे हे दाखवतायत," मी म्हटलं.

"मला कळलं हो ताई," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण पोलिसासमोर माणसाला बंदूक उघडताना या चाहूलनं एकाच कामासाठी पाहिलंय, काडतूस भरायला. तुमच्यासारखी रीत पाळणारी माणसं तिला शिकवणाऱ्यांना भेटलीच नाहीत. मी वर कळवीन. पण ते होईपर्यंत..." त्यांनी आबांकडे पाहिलं. "दसऱ्यानंतर परत आणा. तोवर सराव करून घ्या. किंवा बंदूक जमा करून टाका."

जमा करण्याचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. घरी आल्यावर मी दुनळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर आबा घरात नव्हते. चिखलाने भरलेले, अनवाणी, ते वरच्या शेताच्या चरातून वाकून काहीतरी शोधत चालले होते. मला पाहून सावधान झाले. "हत्यार हरवलंय साहेब," म्हणाले. मला! आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. शिपायाचं हत्यार हरवणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्यालाच ते रडणं कळेल. मी त्यांना कवेत धरून घरी आणलं, बंदूक खाली काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी जमा करायचा विषय मी बंद केला.

मग सराव. रोज सकाळी मी खाकी शर्ट घालून फाटकातून आत यायची आणि नियमाच्या पत्रकात होते तेच शब्द म्हणायची, "शस्त्र जमिनीवर ठेवा आणि मागे सरा."

"जमिनीवर? पायताण हाय व्हय ते?" आबा म्हणायचे. दसऱ्याला जिची पूजा होते ती मातीत ठेवायची, हे त्यांच्या गळी उतरेना. उतरलं तरी दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. विसरत नव्हते ती एकच गोष्ट, कळ सारायची आणि नळ्या झुकवायच्या. मेंदूने सगळं सोडलं तरी अंगठा सोडायला तयार नव्हता.

शेवटी मला वाटलं, ज्यांच्यासाठी ही सवय लागली त्यांनाच ती सोडवता येईल. निवृत्त होऊन तालुक्याला राहणाऱ्या जमादारकाकांकडे मी गेले. ते आता चांगलेच थकले होते. ऐकू कमी यायचं, गुडघ्यांमुळे हातात काठी आली होती. माझं म्हणणं मी दोनदा ओरडून सांगितलं.

"म्हंजे मीच लावलेली सवय मीच मोडायची म्हन की," ते हसून म्हणाले. मग हसू मावळलं. "झटका बसला तर सुभेदार जाईल, आसं म्हनतोय डाक्तर?"

"हो काका."

त्यांनी लगेच सुनेला पिशवी भरायला सांगितली.

इथे मी मोठीच चूक केली, हे मला जमादारकाका वळणावर पोहोचले तेव्हाच समजलं. रिक्षातून उतरून त्यांनी काठी टेकली, वळणावर उभे राहिले आणि सवयीने ओरडले, "सुभेदार, पोलीस आलाय!"

आबा ताडकन उठले. माझं नाव विसरणाऱ्या माणसाने "जमादार! कवापासनं वाट बगतोय!" म्हणून बंदूक मोडली, ती इतक्या झोकात, की मी लहानपणीसुद्धा तशी पाहिली नव्हती. जमादारकाकांनी एक डोळा मिटला. मी मागून खुणा करतेय, नको नको म्हणतेय, पण ते आभाळाकडे बघून म्हणाले, "दिसला उजेड."

"काका!"

"आगं, तोंडातनं निसटलं," ते ओशाळून म्हणाले.

ते पुढचे काही दिवस आमच्याकडेच राहिले. सरावाचे तीनतेरा वाजले. सवय मोडण्याऐवजी ती पुन्हा तरुण झाली. पण खोटं कशाला बोलू, आईनंतर आमच्या घरात इतकं हसणं नव्हतं. दोघे खालच्या रानातल्या जांभळीखाली बसायचे. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला आठवत नाही, तरी तासन् तास गप्पा. कुठल्या सालच्या निवडणुकीत बंदुका जमा करताना कोणी कोणाची नेली, कोणत्या गव्याने जमादाराला झाडावर चढवलं. मी शाळेतून आले की किटलीत चहा घेऊन तिकडे जायची आणि ऐकत बसायची. पंधरा वर्षांची असताना बसायची तशीच.

त्या दिवशी रविवार होता. सकाळची कामं आटोपून मी किटली घेऊन निघाले होते. घाटात दरोडेखोरांची एक गाडी बेवारस सापडली होती आणि पोलीस शेतवडी धुंडाळत होते, हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते इतकंच, की उसाच्या टोकाला दोन खाकी वर्द्या उभ्या आहेत, पुढच्याच्या छातीवर हिरवा दिवा आहे, आणि मधल्या मोकळ्या रानात जांभळीखाली दोघे म्हातारे बसलेत. एकाच्या मांडीवर बंदूक. मी वरच्या बांधावर, बाजूला.

चेहरा परवान्याच्या नोंदीशी जुळवून चाहूलमधून एक सपाट आवाज आला. "परवानाधारक भैरू धोंडिबा दळवी. पोलीस आले आहेत. शस्त्र जमिनीवर ठेवा आणि मागे सरा."

आबा बंदूक घेऊन उभे राहिले. "कोन हाय त्यो?" त्यांनी विचारलं. दिवा पिवळा झाला.

आवाजाने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आणि तेवढ्यात जमादारकाकांना खाकी दिसली. आवाज त्यांना ऐकू आला नसावा, पिवळा दिवा कळला नसावा. आपल्या खात्यातली तरणी पोरं दारात आलेली बघून त्यांना काय आनंद झाला! काठीवर जोर देऊन ते उठले आणि जन्मभराच्या सवयीने, पाहुण्यांचा मान राखायचा म्हणून, मित्राला ओरडून म्हणाले, "सुभेदार, पोलीस आलाय! उजेड दाखवा!"

आबांचा चेहरा उजळला. आता त्यांना सगळं कळलं होतं. उजवा अंगठा कळेवर जाताना मला दिसला. हॉलमधली शिट्टी कानात वाजली. इथे शिट्टी नव्हती, तारा होत्या.

पत्रकातले शब्द माझ्या तोंडात आले नाहीत. 'आबा' सुद्धा आलं नाही. किटली हातातून पडली आणि पोटातून, त्यांच्याच आवाजात, मी ओरडले, "टोली! भूमि... शस्त्र!"

अंगठा थांबला.

आबा ताठ झाले. मग डावा पाय पुढे, गुडघ्यात वाकून त्यांनी दुनळी उजव्या पायाशी अलगद मातीवर ठेवली, वर आले आणि पुतळ्यासारखे उभे राहिले. आणि त्यांच्या शेजारी जमादारकाका, ज्यांना यंत्राचा आवाज ऐकू गेला नव्हता पण माझा गेला होता, तेही दुखऱ्या गुडघ्यांनी कण्हत वाकले आणि त्यांनी आपली काठी उजव्या पायाशी जमिनीवर ठेवली. पोलीस खात्यातही कवायत असतेच की. दोघे म्हातारे छाती काढून, नजर समोर लावून, सावधान.

दिवा हिरवा झाला.

पुढे असलेला कॉन्स्टेबल तोडकर जवळ आला. विशी-बाविशीचा मुलगा. त्याने आधी जमादारकाकांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली, हे मी विसरणार नाही.

"मॅडम, दिवा लाल झाला नाही," तो म्हणाला. "त्यामुळं जप्ती नाही. चाचणी होईस्तोवर बंदूक घरी ठेवता येईल. आजोबांना सांगा उचलायला."

आबा माझ्याकडे बघत नव्हते. सावधानमध्ये बघत नाहीत. पण ते माझ्याच हुकमाची वाट पाहत होते. दोनच शब्द म्हणायचे होते, उठाओ शस्त्र. लहानपणी आम्ही ज्या शब्दांसाठी जीव टाकायचो ते. मी म्हटले असते तर आबांनी बंदूक उचलली असती, सगळं पहिल्यासारखं झालं असतं, आणि पुढच्या वेळी वर्दी येईल तेव्हा मी कदाचित शाळेत असते. दुसरीकडे मला त्या चरात वाकून शोधणारे आबाही दिसत होते. पण तेव्हा हत्यार हरवलं होतं. आज त्यांनी ते स्वतः, हुकमावर, रीतसर खाली ठेवलं होतं. पलटणीत शिकलेल्या माणसासारखं.

"घेऊन जा," मी तोडकरला म्हणाले. "कायमची जमा करा. सह्या करायला मी उद्या येते."

"नक्की?"

मी मान हलवली. मग आबांकडे वळून म्हणाले, "विश्राम."

त्यांनी पाय फाकवले, हात मागे बांधले. तोडकर बंदूक उचलून निघाला, तसे आबा जमादारकाकांच्या कानाशी लागून मोठ्याने म्हणाले, "जमादार, ह्यो पोरगा उजेड न बघताच न्हेतोय की!"

तोडकरला काही उमगलं नाही. जमादारकाकांनी त्याला हाताने थांबवलं, कळ कुठे असते ते दाखवलं. मुलाने आयुष्यात दुनळी उघडली नव्हती. अंगठा लावून त्याने ती मोडली, तर मागच्या सहकाऱ्याच्या छातीवरची चाहूल त्याच्याकडेच बघून पिवळी झाली. सहकाऱ्याने घाईघाईने तिच्यावर हात ठेवला. तोडकरने एक डोळा मिटला आणि नळ्या आभाळाकडे धरल्या.

"दिसतंय काय?" आबांनी विचारलं.

"आभाळ दिसतंय," तो म्हणाला. "आणि एक घार."

"मग चहा घेऊन जावा."

चहा तर बांधावर सांडला होता. मी घरी जाऊन नवा केला. दोघा पोलिसांनी तो ओट्यावर बसून घेतला, घाई असूनही. जीप गेली तेव्हा आबांनी तिला हात केला.

जमादारकाका पावसाळ्याच्या तोंडाशी गेले. मी आबांना सांगितलं, ते ढसाढसा रडले. दोन दिवसांनी त्यांनी जमादार कुठं म्हणून विचारलं, मी पुन्हा सांगितलं, ते पुन्हा नव्याने रडले. त्यानंतर मी सांगितलं नाही.

मगदूम बाईंनी वर कळवलं होतं. उत्तर आलं की पुढच्या सुधारणेत विचार करू. चाफेवाडीत आता एकही बंदूक नाही. उसाच्या कडेने आवाज करणारे खांब बसवलेत, गवे त्यांना बऱ्यापैकी घाबरतात. पोलीस येतात ते थेट दारात येतात, वेळेवर येतात, काम करतात आणि जातात. कोणी कोणाला मारत नाही. वळणावरून कोणी हाकही मारत नाही.

एक मी सोडून. शाळा सुटली की मी स्कूटर मोरीच्या अलीकडे लावते, वळणावर उभी राहते आणि तोफेच्या आवाजात ओरडते, "सुभेदार, पोलीस आलाय!"

ओट्यावरचे आबा उठतात. अंगणात येतात. रिकाम्या उजव्या हाताचा अंगठा हवेतली कळ सारतो, रिकाम्या डाव्या हातावर ते काहीतरी आडवं टाकतात आणि वळणाकडे तोंड करून थांबतात. मी सावकाश चालत जाते, त्यांच्या हातापाशी वाकते आणि एक डोळा मिटते.

"दिसला उजेड," मी म्हणते.

"मग चहा टाक," आबा म्हणतात.